मिठाच्या जागी गोळी वाढा

पत्र असे आहे :

"ताई, आम्ही सत्तरी तालुक्यातले. सासरे चौसष्ट वर्षांचे, मधुमेह जुना, दोन वर्षांपासून डायलिसिसवर. सोमवारी आणि गुरुवारी जातात. परतीची बस चुकू नये म्हणून कधी कधी अर्धा तास आधीच मशीन काढायला लावतात. मे महिन्यात त्यांचा फॉस्फरस ५.६ होता, जुलैच्या रिपोर्टात ७.८ आला. रात्री खाजेने उठतात आणि दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे राहतात, बघवत नाही. फॉस्फरससाठी सेव्हेलामर ही गोळी दिवसातून तीनदा दिली आहे. मी मोबाइलवर अलार्म लावून आठ, दोन आणि रात्री आठ अशी देते, एकही चुकलेली नाही. आमची पेज दहाला, जेवण साडेबाराला, रात्रीचे साडेनऊला. एवढे करूनही आकडा वाढला कसा? शेजारी म्हणतात, नुस्ते (मासे) बंद करा. आठ दिवस केले, तर बाबा ताटावरून उठून गेले. शक्ती यावी म्हणून रोज दूध घालून नाचणीचे तिजण देते, ते चालेल ना? आणखी एक. धास्ती घेऊन घरातल्या सगळ्यांचे रक्त तपासले. दहा वर्षांच्या मुलाचा फॉस्फरस ५.२, त्यापुढे 'जास्त' असे छापले आहे. माझी झोप उडाली आहे. – एक सून, वाळपई"

मुलाचे आधी सांगते, म्हणजे आज रात्री तरी झोपाल. मोठ्या माणसाच्या रक्तात फॉस्फरस साधारण २.५ ते ४.५ मिलिग्राम असतो, डेसिलिटरमागे. वाढत्या मुलाचा त्याहून जास्तच असतो, चार ते सहाच्या घरात. त्याची हाडे लांबत असतात आणि शरीर तो माल राखून ठेवते. तुमच्या मुलाच्या आकड्यासमोर मोठ्यांची मर्यादा छापलेली असणार. घाऊक पॅकेजच्या रिपोर्टांत हा घोळ मी नेहमी बघते. शिवाय रक्ताची बाटली बराच वेळ पडून राहिली आणि तांबड्या पेशी फुटल्या, तरी हा आकडा फुगतो. क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा आकडा) नीट असेल तर रिपोर्ट एकदा मुलांच्या डॉक्टरांना दाखवा आणि पोराला फुटबॉल खेळायला सोडा.

आता सासऱ्यांचे. पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा त्या अलार्मपाशी अडले.

गोळी आठला, पेज दहाला. जेवण साडेबाराला, गोळी दोनला. गोळी रात्री आठला, जेवण साडेनऊला. तुम्ही एकही गोळी चुकवली नाही हे खरे, पण तिन्ही गोळ्यांची जेवणाशी गाठच पडत नाही. दुपारच्या गोळीला थोडेफार सापडत असेल तेवढेच.

सेव्हेलामर ही रक्तदाबाच्या गोळीसारखी रक्तात जाऊन काम करणारी गोळी नाही. ती रक्तात जातच नाही. आतड्यात राहते, समोर आलेल्या अन्नातला फॉस्फरस धरते आणि त्याला घेऊन शौचावाटे बाहेर पडते. समोर अन्नच नसेल तर ती धरणार काय? मासे यायच्या आधी जाळे टाकून ओढून घेतले, तर जाळ्यात पाणीच येणार. ती गोळी बाबांची नाही, त्यांच्या ताटाची आहे असे समजा.

स्वतःला दोष देऊ नका. माझी सख्खी मावशी डायलिसिसवर होती. तिच्या पाकिटावर औषधवाल्याने बॉलपेनने '१-१-१' एवढेच लिहिले होते. मावशी शिस्तीची. पहाटे तुळशीला पाणी घातले की पहिली गोळी, तीही उपाशीपोटी. पाच महिने असे चालले आणि मी, घरातली आहारतज्ज्ञ, दर रविवारी तिच्या ताटातले वाटाणे मोजत होते. गोळी कधी घेतेस हे एकदाही विचारले नाही. तेव्हापासून माझ्याकडे फॉस्फरसचा रुग्ण आला की मी आहाराचा तक्ता उघडायच्या आधी गोळीची वेळ विचारते.

तर अलार्म काढून टाका. आपल्याकडे पान वाढताना डाव्या बाजूला आधी मीठ वाढतात. बाबांना मीठ वर्ज्य, म्हणजे ती जागा मोकळीच आहे. तिथे गोळी वाढा. पहिल्या दोन घासांनंतर त्यांनी ती उचलायची आणि अख्खी गिळायची. चावायची नाही, फोडायचीही नाही, कारण ओली झाली की फुगते. (कॅल्शियम कार्बोनेट किंवा लँथनमची चघळायची गोळी दिली असती तर नियम उलटा, ती नीट चावूनच खायची. म्हणून शेजारच्या रुग्णाचे बघून काही बदलू नका.) जेवताना विसरली आणि अर्ध्या जेवणात आठवली तर तेव्हा द्या. जेवण होऊन ताटे घासून झाल्यावर आठवली तर ती सोडून द्या, पुढच्या वेळी दोन देऊ नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती या गोळीपासून चार तास तरी लांब ठेवा, नाहीतर ही तिलाही धरून बसेल.

बाबांचे मुख्य जेवण दुपारचे आणि रात्री दोनच घास, असे असेल तर डॉक्टरांना सरळ विचारा : रात्रीची गोळी दुपारी हलवून दुपारी दोन घेतल्या तर चालेल का? बरेच डॉक्टर जेवणाच्या आकाराप्रमाणे गोळ्या वाटून देतात. पण गोळी किती आणि कोणती हे त्यांनीच ठरवायचे, मी नाही आणि तुम्हीही नाही.

हा फॉस्फरस आहे तरी कोण, ते थोडे सांगते, कारण बाबांना समजले तर ते ऐकतील. तुमचे भाताचे शेत असेलच. डीएपी खताच्या गोणीवर १८:४६:० असे लिहिलेले असते, त्यातला मधला आकडा फॉस्फेटचा. भातरोपाला जो लागतो तोच आपल्यालाही लागतो. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ७०० ग्रॅम फॉस्फरस असतो आणि त्यातला ८५ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असतो तो अगदी चिमूटभर. रोज खाल्लेल्यातला जास्तीचा किडनी लघवीतून बाहेर टाकते. हांबुर्गच्या हेनिग ब्रांडला १६६९ मध्ये फॉस्फरस सापडला तो मूत्र आटवतानाच; सोने शोधायला बसला होता बिचारा. बाबांची तीच वाट बंद झाली आहे.

वाट बंद होऊ लागली की शरीर बराच काळ दम धरते. हाडांतून निघणारे एक संप्रेरक उरल्यासुरल्या किडनीला जास्त राबवते, त्यामुळे किडनी बरीच खराब होईपर्यंत रिपोर्टात फॉस्फरस चांगलाच दिसतो. मग एकदम चढतो. मानेत तांदळाच्या दाण्यांएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉइड म्हणतात त्यांना. फॉस्फरस वाढला की त्या चेकाळतात आणि हाडांतले कॅल्शियम ओढून रक्तात आणतात. हाडे आतून पोकळ, ठिसूळ होत जातात. आणि ते कॅल्शियम या जास्तीच्या फॉस्फरसशी मिळून रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, हृदयाच्या झडपांत बसते. विहिरीच्या पंपाच्या नळीत आतून पांढरा थर चढतो ना, तसे. याचे दुखणे लगेच कळत नाही, म्हणून लोक मनावर घेत नाहीत. मला भीती असते ती याची, खाजेची नव्हे.

खाजेला फॉस्फरस एकटाच कारण नसतो. कातडी कोरडी पडणे, डायलिसिस अपुरे होणे, यानेही खाज येते. आणि पावसाळ्यात मधुमेही माणसाला गजकर्ण व्हायला वेळ लागत नाही. एकदा दिवसाउजेडी त्यांची पाठ, काखा, जांघा बघून घ्या. गोल चट्टे दिसले तर ते दुखणे वेगळे, त्याचे औषध वेगळे. नसतील तर कोमट पाण्याची अंघोळ, साबण कमी, आणि अंग टिपून झाल्या झाल्या खोबरेल.

आता त्या अर्ध्या तासाचा हिशोब बाबांसमोर कागदावर मांडा. दिवसाला १००० मिलिग्राम फॉस्फरस पोटात गेला असे धरा, आठवड्याचे झाले ७०००. त्यातले साठ टक्के अंगी लागले तर ४२००. चार तासांचे एक डायलिसिस ढोबळमानाने ८०० काढते. दोनदा म्हणजे १६००. बाकी राहिले २६००, दर आठवड्याला. लघवी थोडी होत असेल तर त्यातून जाईल ते जाईल, उरलेले गोळीने धरायचे किंवा ताटातूनच कमी करायचे. एकेक गोळी काही डझन मिलिग्रामच धरते, म्हणजे तिच्यावर सगळा भार टाकून चालत नाही.

आणि यात फॉस्फरसची एक खोड आहे. तो रक्तात कमी आणि पेशींत, हाडांत जास्त. मशीन रक्तातला झटपट काढते, पण आतला रक्तात यायला वेळ घेतो. मशीनचा वेग वाढवून तो लवकर येत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. म्हणून शेवटचा अर्धा तास बसच्या पायी सोडणे बाबांना परवडणारे नाही. गावातल्या कुणाच्या दुचाकीची, रिक्षाची सोय लावा, नाहीतर युनिटमध्ये सांगून सकाळची पाळी मागून घ्या. तिसऱ्या डायलिसिसची गरज आहे का हेही डॉक्टरांना विचाराच. आकड्यांची तुलना करताना वार बघा : गुरुवारनंतर सोमवारी काढलेले रक्त चार दिवसांचे साठलेले असते, सोमवारनंतर गुरुवारी काढलेले तीन दिवसांचे.

तरीही ५.६ वरून ७.८ म्हणजे मोठी उडी आहे. गोळी तर मे महिन्यातही आठ-दोन-आठच असणार. मग या दोन महिन्यांत बदलले काय?

गोव्यातल्या माणसाला हे विचारायला नको. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलरना मासेमारी बंद. ताजे नुस्ते महाग, तेही मिळाले तर मिळाले. मग माळ्यावरून पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेल्या जिनसांचे, डबे उतरतात. खारा बांगडा चुलीत भाजायचा, सुकी सुंगटे (कोळंबी) आमटीत, गालमोची (बारीक सुक्या कोळंबीची) किसमूर रोज ताटाच्या कडेला. तुमच्या पत्रात हे नाही, पण सत्तरीतल्या घरात जुलैत दुसरे काय असणार! सुकवल्यावर माशातले पाणी तेवढे उडते, फॉस्फरस सगळा राहतो. मूठभर सुकी सुंगटे म्हणजे ताज्यांची ताटली. बारीक सुके मासे काट्यासकट, डोक्यासकट खाल्ले जातात आणि काटा म्हणजे फॉस्फरसचे कोठारच. वर मीठ. मीठ गेले की तहान, तहान लागली की पाणी, आणि पाणी वाढले की गुरुवारी वजन काट्यावर बाबांची आणि नर्सची जुंपते.

दुसरा संशय गोठवलेल्या सुंगटांच्या पाकिटावर. सोललेली, चकचकीत, रबरासारखी टणक. कढईत टाकली की पाणी सुटत राहते आणि वाटीभर सुंगटांची अर्धी वाटी होते. गोठवण्याआधी पाणी धरून राहावे म्हणून त्यांना फॉस्फेटच्या द्रावणात बुडवण्याची पद्धत आहे. सगळेच करतात असे नाही, पण पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत बघा.

काय बघायचे? पोषणाच्या चौकटीत फॉस्फरस बहुधा सापडणार नाही, तो छापण्याची सक्तीच नाही. घटकांच्या यादीत आकडे शोधा. ३३८ म्हणजे फॉस्फोरिक आम्ल, काळ्या कोलातले. ३३९, ३४०, ३४१ आणि ४५०, ४५१, ४५२ हे सगळे फॉस्फेटचे भाऊबंद. चीजच्या चौकोनी चकत्या, पाकिटातले सॉसेज, केकची तयार पिठे, काही बिस्किटे. मुलाला हे सात आकडे पाठ करायला लावा आणि बाजारात चष्म्याशिवाय वाचायचे काम त्याच्याकडे द्या.

या आकड्यांवर एवढी का अडून बसते ते सांगते. डाळी-कडधान्ये, नाचणी, गहू यांतला फॉस्फरस बहुतांशी फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो आणि तो सोडवायचे पाचक आपल्याकडे नाही, म्हणून निम्मा किंवा त्याहूनही कमी अंगी लागतो. मासे, अंडी, दूध यांतला साधारण निम्मा ते साठ टक्के. पण कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट कशातच अडकलेला नसतो, तो जवळजवळ सगळाच्या सगळा रक्तात जातो. तरी आपल्याकडचा उपदेश कायम डाळीवर आणि नुस्त्यावर घसरतो, पाकीट मात्र सुटते.

म्हणून नुस्ते बंद करू नका. डायलिसिसमध्ये प्रथिने वाहून जातात, त्या माणसाला साध्या माणसापेक्षा जास्त प्रथिने लागतात. खाणे तोडून फॉस्फरस उतरवला तर आकडा चांगला दिसेल आणि माणूस हाडाचा सापळा होईल. शंभर ग्रॅम ताज्या माशात फॉस्फरस २०० मिलिग्रामच्या आसपास, आणि प्रथिने वीस ग्रॅम. हा व्यवहार वाईट नाही. अंड्याचा पांढरा भाग तर त्याहून फायद्याचा : प्रथिने साडेतीन ग्रॅम आणि फॉस्फरस नावापुरता. सगळा साठा पिवळ्यात. बंदीच्या दिवसांत रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग, कांदा-कोथिंबीर घालून, हा बाबांचा सुक्या बांगड्याला पर्याय. पिवळा तुम्ही खा, तुम्हालाही ताकद लागणार आहे.

तिजण मात्र थांबवा. नाचणीवर माझा राग नाही. पण पेलाभर दुधातच २०० मिलिग्रामच्या आसपास फॉस्फरस आला, त्यात गूळ आणि बाबांना मधुमेह, वर नारळाच्या रसाचे पोटॅशियम, आणि एवढा मोठा पेला पातळ पदार्थ, जो पाण्याच्या हिशोबात कुणी धरत नाही. चहापुरते दूध पुरे. तीच गोष्ट पेजेची. उकड्या तांदळाची पेज चांगली, पण वरची निवळ पाण्याच्या हिशोबात धरा आणि बाबांना शिते जास्त वाढा. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) पाव किंवा पोई हवी तर द्या, डबाबंद केकपेक्षा ती कितीतरी बरी.

तीन गोष्टी घरात कुणी सुचवल्या तर ऐकू नका. या गोळीने पोट साफ होत नाही अशी तक्रार येईल. तेव्हा औषधवाल्याकडून सोडियम फॉस्फेटचा एनिमा किंवा त्याचे जुलाबाचे औषध मुळीच आणू नका. किडनीच्या रुग्णात त्यातले फॉस्फेट थेट रक्तात चढून जीव धोक्यात येऊ शकतो. डॉक्टर दुसरे देतील. आम्लपित्तासाठी पांढरे गुळगुळीत औषध पितात, त्यात ॲल्युमिनियम असते. ते फॉस्फरस उतरवते, एके काळी त्यासाठी देतही, पण ज्याची किडनी चालत नाही त्याच्या हाडांत आणि मेंदूत ॲल्युमिनियम साठत जाते. तिसरी, 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी. ती आतड्यातून फॉस्फरस अधिक ओढते. लागली तर डॉक्टर पॅराथायरॉइडची तपासणी बघून देतील, कुणाच्या सांगण्यावरून नको.

पुढचे रक्त महिन्याने काढा, सोमवारीच, मशीन लावायच्या आधी. डायलिसिसवरच्या माणसाचा आकडा ५.५ च्या आत आला तरी बरेच डॉक्टर समाधान मानतात, त्यामुळे ४.५ नाही आला म्हणून रडत बसू नका.

हे पत्र छापून येईल तेव्हा होड्या समुद्रात गेलेल्या असतील. पहिला ताजा बांगडा मिळाला की बाबांना एक द्या, डोके काढून, हुमण (माशाची आमटी) दोनच डाव, भात मोकळा. डाव्या बाजूला गोळी.